घरी बांधलेला एलएम३८८६ स्टिरिओ अँप: पंखा लावावा का?

गंगापूररोडकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. दोन एलएम३८८६ टी (अँप्लिफायरची तयार चिप) घेऊन स्टिरिओ अँप्लिफायर बांधलाय. तपशील आधीच देतो, म्हणजे उलटे प्रश्न कमी येतील.

ट्रान्सफॉर्मर १८-०-१८, ५ अँपिअर. ३५ अँपिअरचा मेटल ब्रिज (एसीचं डीसी करणारा). दोन्ही बाजूंना १०,००० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा एकेक कॅपॅसिटर. लोड नसताना दोन्ही रेल (सप्लायची अधिक आणि उणे बाजू) अधिक-उणे २५.८ व्होल्ट. गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) २१, रेझिस्टर १ के आणि २० के. हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा अॅल्युमिनियमचा ठोकळा) एकच: १५० मिमी लांब, ७५ मिमी उंच, पंख (त्याच्या पातळ पट्ट्या) ३० मिमी, रंग वगैरे नाही, साधा चकचकीत. दोन्ही चिप मायका (वीज अडवणारा पातळ पापुद्रा) लावून त्याच्यावर बसवल्यात. हे सगळं १२ मिमी प्लायच्या बंद डब्यात आणि डबा टीव्ही युनिटच्या खणात. स्पीकर ८ ओहमचे, एक जोडी हॉलमध्ये, एक गॅलरीत. सिलेक्टर स्विच आहे, पण दोन्ही जोड्या बहुतेक वेळ चालूच असतात.

अडचण अशी की संध्याकाळी हळू आवाजात कितीही वेळ वाजवा, काही होत नाही. दुपारी आवाज जरा वाढवला की अर्ध्या-पाऊण तासात एक बाजू गप्प. काही सेकंदांनी आपोआप परत येते, पुन्हा जाते. थोड्या वेळानं दुसरी बाजूही तेच करते. तेव्हा हीटसिंकला हात लावायची सोय नसते.

विचारायचं ते एवढंच: ८० मिमीचा कॉम्प्युटरचा पंखा लावून भागेल का? तो कुठे लावायचा, आणि त्याला सप्लाय अँपच्याच रेलवरून दिला तर चालेल का? की हीटसिंकच मोठा घ्यावा?

---

ओहमचा_नियम

पंख्याचं नंतर बघू. आधी हा थर्मल कटच आहे हे पक्कं करा. लक्षणं तशीच दिसतात. एलएम३८८६ च्या आतलं सिलिकॉन १६५ अंशांवर गेलं की चिप स्वतःला बंद करते आणि साधारण १५५ अंशांना उतरली की पुन्हा सुरू होते. सिलिकॉनचा तुकडा इवलासा, त्याला दहा अंश उतरायला कितीसा वेळ लागणार? म्हणून आवाज जातो आणि येतो. याच चिपमध्ये दुसरंही संरक्षण आहे, आउटपुट ट्रान्झिस्टरवर करंट आणि व्होल्टेज एकदम जास्त पडलं की लागणारं. त्यात आवाज जात नाही, बासच्या ठोक्यावर कडकड ऐकू येते, आणि हीटसिंक गार असतानाही येते. तुमच्याकडे कडकड असेल तर सांगा, ती वेगळी भानगड आहे आणि पंख्यानं जाणार नाही.

आता उष्णता. तुमच्या वर्णनातली खरी गोम पार्ट लिस्टमध्ये नाही, स्पीकरच्या ओळीत आहे. ८ ओहमच्या दोन जोड्या समांतर म्हणजे प्रत्येक चिपला ४ ओहमचा लोड. क्लास एबी चिपची जास्तीत जास्त उष्णता काढायला डेटाशीटमधलं सूत्र आहे: दोन्ही रेल मिळून होणाऱ्या व्होल्टेजचा वर्ग, भागिले १९.७ गुणिले लोडचे ओहम. लोडवर तुमची रेल २५ धरा, एकूण ५०, वर्ग २५००. ८ ओहमला १५.८ वॅट येतात, ४ ओहमला ३१.७. त्यात काहीही वाजत नसतानाचे ५० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट मिळवा. दोन चॅनेल मिळून ८ ओहमला ३७ वॅट, ४ ओहमला ६८. एवढ्या वॅटची सोल्डरिंग आयर्न एका हीटसिंकला लावून ठेवल्यासारखं आहे ते.

हा कमाल आकडा फुल व्हॉल्यूमचा नाही, पूर्ण पॉवरच्या साधारण ४० टक्क्यांवर येतो. फुल व्हॉल्यूमला ट्रान्झिस्टरवर व्होल्टेज कमी उरतं, त्यामुळे चिप उलट जराशी थंड असते. आणि 'मी हळूच ऐकतो' म्हणणाऱ्यांसाठी: ८ ओहमच्या स्पीकरला फक्त १ वॅट देताना चिप सप्लायमधून ८ वॅट ओढते. १ स्पीकरला गेला, ७ हीटसिंकला.

दुपारचं वाढीव तापमान तर आहेच. नाशिकला मे महिन्यात बाहेर चाळिशी, पश्चिमेच्या खोलीत पस्तीस-छत्तीस सहज. शिवाय घरचं व्होल्टेज तपासा. २३० चं २५० झालं की रेल ९ टक्क्यांनी वर जाते आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गानं वाढते, म्हणजे १८ टक्के जास्त.

हीटसिंक दर वॅटला किती अंश तापतो हा आकडा त्याच्यावर छापलेला नसतो, तो घरी काढता येतो. अॅल्युमिनियम बॉडीचा १० ओहम, २५ वॅटचा रेझिस्टर घ्या, हीटसिंकच्या मध्यावर थर्मल पेस्ट लावून कसा, १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर जोडा. १४.४ वॅट होतात. तासभर थांबा, आकडा चढायचा थांबला की हीटसिंकचं आणि खोलीचं तापमान मोजा. फरक भागिले १४.४ म्हणजे अंश प्रति वॅट. आधी हीटसिंक मोकळ्यावर पंख उभे ठेवून मोजा, मग तुमच्या डब्यात घालून झाकण लावून मोजा. दोन्ही आकडे इथे टाका.

इन्फ्रारेड गन वापरणार असाल तर चकचकीत अॅल्युमिनियमवर ती धडधडीत खोटं सांगते, २० अंश कमीसुद्धा दाखवेल. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्याच्यावर नेम धरा.

---

सातपूर_वर्कशॉप

वरचं गणित बरोबर आहे, पण उष्णता हीटसिंकपर्यंत पोचली तर पुढचं. घरी बांधलेल्या अँपमध्ये निम्म्या वेळा गळती मायकापाशी असते. हे उघडून बघा:

एलएम३८८६ टी ची टॅब (चिपची मागची धातूची पट्टी) उणे रेलला जोडलेली असते, म्हणून मायका हवाच. टीएफ प्रकारात प्लास्टिक आवरण असतं, तिथे मायका लागत नाही, पण ते आवरण उष्णतेलाही अडवतं: टी ला सिलिकॉनपासून टॅबपर्यंत वॅटला १ अंश, टीएफ ला २. मायका आणि पेस्ट नीट बसली तर टी साठी एकूण २ च्या आसपास येतं, म्हणजे हिशोब तोच. टीएफ ला वरून पुन्हा मायका लावणारे लोक आहेत. तो शुद्ध तोटा.

पेस्ट मायकाच्या दोन्ही बाजूंना, मुगाच्या दाण्याएवढी, आणि पसरून इतकी पातळ की खालचा मायका दिसला पाहिजे. पेस्ट धातूपेक्षा वाईट वाहक आहे, तिचं काम फक्त बारीक खळग्यांतली हवा घालवणं. पांढरा लगदा कडेनं बाहेर ओघळलेला असेल तर समजा जास्त झाली.

भोक पाडल्यावर कडेला बर (धातूची उचललेली धार) राहते. ती मायकाला टोचते, भोक पाडते, किंवा टॅब एका बाजूनं उचलून धरते. ३.२ मिमीचं भोक असेल तर १० मिमीचा बिट हातानं दोन वळसे फिरवा, बर निघते. मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं काचेवर घासून सपाट करा. बोटानं चाचपून कड लागता कामा नये.

स्क्रूला बुश (वीज अडवणारी छोटी नळी) विसरू नका. जास्त कसू पण नका, ०.५ ते ०.६ न्यूटन मीटर पुरेत. फार आवळलं की टॅब स्क्रूपाशी वाकते आणि सिलिकॉन ज्याच्या वर बसलंय तो भाग उचलला जातो, म्हणजे घट्ट केल्यानं जास्त गरम. सर्वांत उत्तम म्हणजे १२ बाय ५ मिमीच्या पट्टीनं चिपचं प्लास्टिक अंग दाबायचं, दोन स्क्रू पट्टीच्या दोन टोकांना. पाय आधी पीसीबीला सोल्डर करून मग चिप कसली तर पायांवर ताण येतो आणि टॅब तिरकी बसते. आधी कसा, मग सोल्डर करा.

नंतर मीटरनं टॅब आणि हीटसिंकमध्ये कंटिन्युइटी बघा. बीप वाजला तर सप्लाय देऊ नका. हीटसिंक बाहेर येणार असेल तर त्याला मेनचं अर्थिंग हवंच, आणि मायका फुटलेला असताना अर्थ केलेला हीटसिंक म्हणजे उणे रेलचा थेट शॉर्ट. पहिल्यांदा चालू करताना ६० वॅटचा बल्ब सिरीजला घ्या. क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, तसाच ढणढणीत राहिला तर बंद करा.

आणखी एक, बरेच जण चिप अॅल्युमिनियमच्या ३ मिमी जाडीच्या अँगलवर कसतात आणि तो अँगल हीटसिंकला. खिडक्यांच्या सेक्शनच्या दुकानात मिळतो तो अँगल. ३ मिमी पुरत नाही, चिपजवळचा भाग तापतो आणि हीटसिंक कोमटच राहतो. अँगल लागणारच असेल तर ६ मिमी घ्या आणि हीटसिंकला भिडणाऱ्या पूर्ण बाजूला पेस्ट लावा.

---

सिडकोची_सोल्डर

कूलिंगच्या आधी एक तपासणी राहतेय. स्पीकर काढा, दोन्ही इनपुट शॉर्ट करा, प्रत्येक रेलच्या वायरमध्ये १ ओहमचा रेझिस्टर टाकून त्याच्यावरचे मिलिव्होल्ट वाचा. जेवढे मिलिव्होल्ट तेवढे मिलिअँपिअर. एका चिपला ५० च्या आसपास यायला हवेत, ८५ पर्यंत चालतील. दीडशे-दोनशे आले तर चिप कानाला न ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सीला ऑसिलेट होतेय (इनपुट नसताना स्वतःच सिग्नल काढतेय). अशा वेळी कितीही पंखे लावा, काहीच न वाजवता गरम होत राहणार.

याची नेहमीची कारणं ठरलेली आहेत. गेन १० पेक्षा कमी ठेवलेला (तुमचा २१ आहे, तो प्रश्न नाही). चिपच्या पायांना लागून ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर नसणं, मोठे कॅपॅसिटर दहा सेंटीमीटर लांब असणं. आउटपुटला २.७ ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर ही जोडी गाळलेली. गॅलरीपर्यंत वायर लांब गेली असणार, तर आउटपुटला १० ओहमच्या रेझिस्टरवर तारेचे दहा-बारा वेढे घालून केलेली कॉइलही हवी. लांब वायरची कॅपॅसिटन्स चिपला डिवचते.

त्याच वेळी आउटपुटचं डीसी पण मोजून घ्या. दहा-वीस मिलिव्होल्ट ठीक. अर्धा-एक व्होल्ट असेल तर स्पीकरच्या कॉइलमधून सतत करंट वाहतोय आणि तो चिपलाही तापवतोय, स्पीकरलाही.

---

पंचवटीचा_पंखा

एवढा काथ्याकूट कशाला भाऊ? ८० मिमीचा पंखा लावा, मोकळे व्हा. शेदोनशे रुपयांचं काम.

---

ओहमचा_नियम

बंद डब्यात पंखा लावला तर तो तीच गरम हवा घुसळत बसणार. हवा जायला आणि यायला वाट नाही तोवर पंखा म्हणजे नुसता आवाज.

---

गंगापूररोडकर

सगळ्यांचे आभार. मोजमाप करून आलो.

कडकड नाही, आवाज सरळ जातो. शांत असताना करंट एका चिपला ४८ आणि दुसरीला ५३ मिलिअँपिअर. आउटपुटचं डीसी ९ आणि १४ मिलिव्होल्ट. एका मायकाखाली बर सापडली, घासून काढली, पेस्ट नव्यानं लावली.

रेझिस्टरची चाचणी: खोली ३१ अंश. हीटसिंक मोकळ्यावर ५३ ला थांबला. डब्यात घालून झाकण लावलं तर ६६, आणि डब्यातली हवा ४४. डबा खणात नव्हता, टेबलावर होता.

---

ओहमचा_नियम

छान, आता अंदाज लावायची गरज उरली नाही.

मोकळ्यावर २२ अंश भागिले १४.४, म्हणजे दीड अंश प्रति वॅट. डब्यात ३५ भागिले १४.४, म्हणजे २.४. प्लाय उष्णतेला अडवतो. तुमच्या हीटसिंकच्या कामगिरीतला मोठा वाटा डब्यानंच खाल्लाय. अजून यात ट्रान्सफॉर्मर आणि ब्रिजची उष्णता धरलेली नाही, आणि खणात ठेवल्यावर आकडा आणखी बिघडणार.

दुपारची खोली ३६ धरू. दोन्ही जोड्या चालू, प्रत्येक स्पीकरला सरासरी १ वॅट: चिपमागे १६.४ वॅट उष्णता, दोन मिळून ३३. गुणिले २.४ म्हणजे ८० अंश वाढ, हीटसिंक ११६ वर. त्यावर चिपच्या आतली वाढ (मायका धरून वॅटला २ अंश) १६.४ गुणिले २, म्हणजे ३३. सिलिकॉन १४९. इथून व्हॉल्यूम थोडा वाढवला की १६५ गाठलेच. संध्याकाळी खोली २८, स्पीकरला ०.१ वॅट: एकूण उष्णता १५ वॅटच्या आत, हीटसिंक ६३, सिलिकॉन ७८. म्हणून तेव्हा तक्रार नाही. तुमचं लक्षण आणि आकडे तंतोतंत जुळतात.

आता हाच हीटसिंक डब्याच्या बाहेर, मागच्या बाजूला, पंख उभे. तेच ३३ वॅट: ३६ अधिक ५० म्हणजे ८६, सिलिकॉन ११९. कट होणार नाही. एकच जोडी चालू असेल तर १९ वॅट, हीटसिंक ६५, सिलिकॉन ८४. एकही पैसा न घालता, फक्त जागा बदलून.

मोठ्या आवाजात दोन्ही जोड्या ऐकायच्या असतील तर वेगळं. गाण्यासाठी हिशोबाला फुल पॉवरचा आठवा हिस्सा धरायची पद्धत आहे, त्या पातळीला उष्णता कमालीच्या ८० टक्के असते. ४ ओहमला चिपमागे २८, दोन मिळून ५६ वॅट. बाहेरच्या हीटसिंकवरही ३६ अधिक ८४ म्हणजे १२०, सिलिकॉन १७६. कट होणारच. (प्रत्यक्षात हीटसिंक जास्त तापला की हवा जोरात वर जाते आणि आकडा थोडा सुधारतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका.) इथे दोन रस्ते आहेत. एक, तस्साच दुसरा हीटसिंक घ्या, चिपला एकेक द्या: २८ गुणिले दीड म्हणजे ४२, हीटसिंक ७८, सिलिकॉन १३४. पंखा नको. दोन, पंखा. जोराची हवा थेट पंखांवर मारली तर दीडचा आकडा ०.६ पर्यंत येतो, हीटसिंक ७० आणि सिलिकॉन १२६.

माझं मत दुसऱ्या हीटसिंकच्या बाजूनं. पंखा बिघडतो, धूळ खातो, आवाज करतो. अॅल्युमिनियमला काही होत नाही. पण ७० च्या पुढे तापणारा हीटसिंक लहान मुलांच्या हाताला लागेल अशा उंचीवर नको.

---

सातपूर_वर्कशॉप

हीटसिंक बाहेर काढताना प्लायमध्ये चिपच्या मापाची खिडकी पाडा, हीटसिंक बाहेरून स्क्रूनं कसा. पंख उभेच पाहिजेत. तुमचा १५० बाय ७५ आहे, म्हणजे पंख ७५ मिमीच्या दिशेनं असले पाहिजेत. सेक्शन १५० च्या दिशेनं कापलेला असेल तर १५० उभी ठेवा. पंख आडवे झाले की हवा त्यांच्यामध्ये अडकते आणि पाव भाग तरी क्षमता जाते. भिंतीपासून ५ सेंटीमीटर अंतर, वर खणाचं फळकूट नको.

नवीन घेताना पंखांमधली फट बघा. पंख्याशिवाय वापरायचा तर ६ ते १० मिमी फट हवी. जुन्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचे हीटसिंक दिसायला दणदणीत असतात, पण त्यांच्या फटी २ मिमीच्या, पंख्याशिवाय त्यांतून हवा हलत नाही. काळं अॅनोडायझिंग मिळालं तर घ्या, चकचकीत अॅल्युमिनियम किरणांच्या रूपात उष्णता जवळपास फेकतच नाही, काळं फेकतं. पंखा असेल तर मात्र रंगानं फार फरक पडत नाही. ऑइल पेंटचे जाड हात मारू नका, तो उलट पांघरूण होतो.

सेक्शन कापून, भोकं पाडून, टॅप मारून हवा असेल तर सातपूर किंवा अंबड एमआयडीसीत एखादा फॅब्रिकेशनवाला लगेच करून देईल. लांबीला जास्तीचा सेक्शन इथे मिळाला नाही तर मुंबईला लॅमिंग्टन रोडला मिळतो.

आत ट्रान्सफॉर्मर आणि ब्रिज उरतात, त्यांच्यासाठी डब्याच्या तळाला ८ मिमीची ४० भोकं आणि मागच्या बाजूला वरच्या कडेलगत तेवढीच. प्रत्येकी २० चौरस सेंटीमीटर होतात. डब्याला १५ मिमीचे तरी पाय लावा, नाहीतर तळाची भोकं फळीवर टेकून बंद. ब्रिज अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर कसा. मोठे कॅपॅसिटर हीटसिंकच्या खिडकीपासून लांब सरकवा. दर १० अंश वाढीला त्यांचं आयुष्य निम्मं होतं. ८५ अंशांचे असतील तर पुढच्या वेळी १०५ चे घ्या.

---

जुना_व्हॉल्व्ह

पंखा लावायचाच झाला तर सप्लायबद्दल, कारण तो प्रश्न तसाच राहिला.

अँपच्या एका रेलवरून देऊ नका. ब्रशलेस पंखा करंट झटक्याझटक्यानं ओढतो, ते झटके ग्राउंडच्या वायरमधून जातात आणि स्पीकरमध्ये बारीक किरकिर येते. २५ व्होल्टवरून ८ व्होल्टला उतरवायला २२० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर लागेल, तो स्वतः दीड वॅट तापतो. ज्या डब्यातून उष्णता काढायची त्यातच घातली. त्यापेक्षा ०-९ व्होल्ट ५०० मिलिअँपिअरचा छोटा वेगळा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, १००० मायक्रोफॅरड, आणि ७८०८ (८ व्होल्टचा रेग्युलेटर). पंख्याची उणे वायर अँपच्या ग्राउंडला कुठेही जोडायची नाही.

१२ व्होल्टचा ८० मिमी पंखा ८ व्होल्टवर बऱ्यापैकी शांत चालतो, रात्री हळू गाण्यातही जाणवू नये इतका. हवेची भीती बाळगू नका: मिनिटाला अर्धा घनमीटर हवा गेली तरी ४० वॅट वाहून नेताना ती साडेचार अंशच तापते. ५-७ मिमीच्या रबरी वॉशरवर बसवा, प्लायवर थेट कसला तर प्लाय गुणगुणतो. पंखा हीटसिंकच्या खाली, हवा वर फेकणारा. गरम हवा तशीही वरच जाते, तिच्या उलट मारू नका. फ्रेमवर बाण असतो, तो बघा. इनपुटच्या वायर आणि व्हॉल्यूम कंट्रोलपासून १० सेंटीमीटर तरी लांब.

रस्त्यालगत घर असेल तर दोन महिन्यांत पंखांमध्ये धुळीची चटई बसते. ब्रशनं साफ करा. पंखा असलेल्या अँपचा हीटसिंक लहान ठेवलेला असतो, त्यामुळे पंखा अडकला की तो बिनपंख्याच्या अँपपेक्षा लवकर मरतो.

---

नाशिकरोड_५२००

याच धाग्यात विचारतो. माझ्याकडे चिप नाही, २एससी५२०० आणि २एसए१९४३ ट्रान्झिस्टरच्या दोन जोड्यांचा बोर्ड आहे, अधिक-उणे ४२ व्होल्ट. हीटसिंकवर पंखा आहे. तरी तासाभरानंतर काहीच वाजत नसताना हीटसिंक तापत जातो. पंखा वाढवू का?

---

ओहमचा_नियम

नको. आधी बायस (काही वाजत नसतानाही ट्रान्झिस्टरमधून थोडा करंट वाहता ठेवणारं व्होल्टेज) बघा. ट्रान्झिस्टर तापला की त्याचं बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टनं कमी होतं. बायस तसाच राहिला तर करंट वाढतो, करंटनं आणखी तापतो, आणि हे चक्र ट्रान्झिस्टर शॉर्ट होईपर्यंत थांबत नाही. ते रोखायला बायसचा ट्रान्झिस्टर, बहुतेक बोर्डांवर बीडी१३९, त्याच हीटसिंकला चिकटलेला पाहिजे. बरेच तयार बोर्ड तो पीसीबीवर मोकळा उभा ठेवतात. तुमचा तसाच असेल, आणि वर पंख्याची गार हवा त्याच्यावर येत असेल, तर त्याला वाटतंय सगळं थंड आहे.

त्याला तीन वायर काढून हीटसिंकवर, दोन आउटपुट ट्रान्झिस्टरांच्या मधोमध, मायका लावून कसा. वायर १० सेंटीमीटरपेक्षा लांब नको, एकमेकींत पिळून घ्या. मग बायस: ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर ११ मिलिव्होल्ट म्हणजे ५० मिलिअँपिअर. दोन जोड्यांना, ८४ व्होल्टवर, एका चॅनेलचे साडेआठ वॅट नुसते बसल्या जागी. आधी प्रीसेट (बायस बदलायचा छोटा रेझिस्टर) सर्वांत कमी करंटला, स्पीकर न लावता, बल्ब सिरीजला. हळूहळू चढवा. मग बल्ब काढा, अर्धा तास मध्यम आवाजात वाजवा, आवाज बंद करून लगेच पुन्हा वाचा. आकडा चढत राहिला तर बायस कमी करा. उतरून स्थिर झाला तर हरकत नाही.

---

पंचवटीचा_पंखा

हे सगळं वाचून वाटतं, टीपीए३११६ चा क्लास डी बोर्ड घ्यावा आणि २४ व्होल्टचा अडॅप्टर लावावा. सोबत येतो तेवढ्या हीटसिंकवर बंद डब्यातही चालेल ना?

---

सिडकोची_सोल्डर

घरच्या आवाजाला चालेल. कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे जिथे एलएम३८८६ ३३ वॅट तापते तिथे हा बोर्ड चार-पाच वॅटवर भागवतो. फक्त दोन गोष्टी: चिपची कमाल २६ व्होल्ट आहे, त्यामुळे २४ चा अडॅप्टर प्रत्यक्षात किती देतो ते आधी मीटरनं बघा. आणि काही स्वस्त बोर्डांवर हीटसिंक चिपला टेकलेलाच नसतो, खाली कागदाएवढी फट असते. हलवून बघा, स्क्रू काढून नवी पेस्ट लावा.

---

गंगापूररोडकर

ठरवलं: एक हीटसिंक आणखी, दोन्ही बाहेर, चिपला एकेक. पंखा नाही. पण कुणी दोन्हींवर वर्तमानपत्र ठेवलं तर? १६५ च्या आधी थांबेल असं काही बसवता येईल का? २३० व्होल्टच्या वायर हीटसिंकवर नकोत.

---

जुना_व्हॉल्व्ह

येईल, आणि २३० व्होल्टला हातही लावावा लागणार नाही. एलएम३८८६ ची ८ नंबरची पिन म्यूटची (आवाज बंद करायची). तिथून उणे रेलकडे अर्धा मिलिअँपिअर तरी वाहत असेल तरच चिप आवाज सोडते. तुमच्या २५ व्होल्टला रेझिस्टर ४४ के पेक्षा कमी हवा. प्रत्येक चिपला वेगळा ३३ के ठेवा, त्यांची दुसरी टोकं एकत्र करा आणि तिथून उणे रेलपर्यंतच्या वायरमध्ये केएसडी-३०१ थर्मोस्टॅट, ८५ अंशांचा, नॉर्मली क्लोज्ड प्रकारचा, सिरीजला टाका. दोन हीटसिंक आहेत म्हणून दोन थर्मोस्टॅट, तेही एकामागे एक. कुठलाही एक तापला की सर्किट उघडतं, दोन्ही बाजू म्यूट होतात, उरते ती फक्त शांत असतानाची अडीच-अडीच वॅट उष्णता. दहा-पंधरा अंश उतरला की स्वतःच परत जुळतो. घेताना दुकानात मीटर लावून बघा. नॉर्मली ओपन आणि क्लोज्ड दिसायला सारखेच असतात, आणि उलटा मिळाला तर अँप गार असताना गप्प बसेल आणि तापल्यावर गायला लागेल.